मागच्या गल्लीतून आत

रज्जोचा फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरातल्याच मुरारला एका जुन्या मैत्रिणीकडे बसले होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला मनाई होती, म्हणून मी तिला मासिकातला एक लेख वाचून दाखवत होते. रज्जो आमच्याकडे कित्येक वर्षं स्वयंपाकाला येते. एरवी तिचा फोन म्हणजे भाजीवाल्यापासून सुरुवात होऊन शेजारच्यांच्या सुनेपर्यंत जातो. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "दीदी, आप आ जाओ." मी विचारलं, "ताई ठीक हैं ना?" ती पुन्हा म्हणाली, "बस, आप आ जाओ." मी उठले. जयेंद्रगंजातल्या आमच्या घरापर्यंतच्या रस्त्यात मी स्वतःला एकच गोष्ट समजावत राहिले, की माणूस बोलेनासं झालं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. हे मला ताईनेच शिकवलं होतं आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं... पण या खेपेला खरोखरच सगळं थांबलं होतं. दुपारचं जेवून ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली होती आणि झोपेतच गेली. चेहरा नेहमीसारखा होता, एखाद्या विद्यार्थिनीच्या उत्तराची वाट पाहत असल्यासारखा.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे कमी झाले, मिलिंद, म्हणजे तिचा मुलगा, बंगळुरूला परत गेला आणि घरात रज्जो आणि मी उरलो. ताई माझी सख्खी मोठी बहीण. नाव निर्मला, पण मी तिला नावाने कधी हाक मारली नाही आणि शहरातली निम्मी माणसं तिला 'मैडम' म्हणत. मुलींच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत तिने सबंध नोकरी भौतिकशास्त्र शिकवलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. लग्न केलं नाही. भाऊजी गेले तेव्हा मिलिंद कॉलेजात होता. मी माझं सामान उचलून ताईकडे आले, आणि मग आम्ही दोघी इथेच राहिलो. खाली घड्याळांचं दुकान, वर आम्ही. दुकानाचं तोंड बाजाराकडे आहे, आमचा जिना मात्र मागच्या गल्लीतून चढतो. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास दुकानाच्या शटरसमोर उभा राहून फोन करतो.

ताईचा घरात एक नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी. बाहेर हिंदी बोला, शाळेत बोला, भाजी घेताना बोला, पण जिना चढून वर आलात की आपली भाषा. ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत असा नियम आहे आणि बऱ्याच घरांत तो मोडलेला आहे. ताईने तो मोडू दिला नाही. मिलिंद लहानपणी धावत जिना चढायचा आणि दारातूनच सुरू व्हायचा, "आई, वो ना, आज टेस्ट कॅन्सल हो गई, सर आलेच नाहीत!" ताई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची, "पुन्हा सांग." तो खाली मान घालून पुन्हा सांगायचा. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, पोरगं आनंदात आहे, बोलू दे की कसंही." तर म्हणाली, "मी दिवसभर हिंदीत उभी असते, उषा. घरी आल्यावर मला मराठीत बसू दे."

कॉम्प्युटर घरात आला तो ती निवृत्त झाल्यावर. सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात शाल दिली, आणि तिने स्वतःहून स्वतःला हा काळा खोका दिला. मॉनिटर, कीबोर्ड, खाली टेबलाच्या पायाशी तो डबा. आमच्या ओळखीच्या बायकांचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा जमायचं, एकीने पुस्तकाबद्दल बोलायचं, मग पोहे. ताईने त्या मंडळाचं महिन्याचं एक पान काढायला सुरुवात केली. कुणी काय वाचलं, कुणाला काय आवडलं नाही, मधे एखादा फोटो. मजकूर मी तपासायचे, बाकी सगळं ती. काही वर्षांनी ते मशीन दमलं. मिलिंद म्हणाला, टाकून दे, लॅपटॉप घेऊन देतो. ताईने ऐकलं नाही. कुठूनतरी वाचून, विचारून तिने त्याच्यावर एक हलकी, मोफत मिळणारी प्रणाली घातली आणि त्या म्हाताऱ्याला पुन्हा उभं केलं.

उभं केलं, पण ते मधूनमधून कोसळायचं. जड फोटो उघडला, दोनचार खिडक्या एकदम उघड्या राहिल्या, की खालची पट्टी नाहीशी व्हायची, चित्रं जागच्या जागी गोठायची, माउसचा बाण मधेच अडकायचा. असं झालं की कुणाचाही हात आधी डब्याच्या बटणाकडे जातो. दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. मिलिंद सुट्टीवर आला असताना त्याने ते केलं, तर ताई त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, "बटणाला हात लावलास तर बघ!"

"आई, मेलंय ते."

"कुणी सांगितलं? तो दिवा बघ."

डब्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक दिवा होता. आत काही काम चाललं असलं की तो लुकलुकतो. त्या वेळीही तो लुकलुकत होता. ताई त्याला म्हणाली, "तुला समोर दिसतं ते दुकान आहे. शटर अडकलंय. मालक आत बसलाय, हिशेब करतोय. तू शटर तोडणार, की मागच्या गल्लीतून आत जाणार?" मिलिंद हसला. "म्हणजे आपल्या घरी येतो तसं?" "तसंच," ती म्हणाली, आणि कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबल्या. रंगीत पडदा गेला, काळा आला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. तिथे ना चित्र, ना बाण, नुसती अक्षरं. ताईने आपलं नाव टाइप केलं, आत गेली, कुठला प्रोग्रॅम सगळी जागा अडवून बसलाय ते यादीत पाहिलं, तेवढाच थांबवला आणि पुन्हा रंगीत पडद्यावर आली. खालची पट्टी परतली होती. कधी एवढ्याने भागायचं नाही. मग ती सबंध मशीन बंद न करता समोरचा पडदाच फक्त नव्याने सुरू करायची. ज्या प्रोग्रॅममध्ये ती लिहायची तो अर्धवट राहिलेलं लिखाण जपून ठेवायचा आणि परत आल्यावर विचारायचा, हे तुमचं का? दोन ओळी जायच्या, क्वचित चार. बाकी सगळं जागच्या जागी. मिलिंद कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, त्याला हे सगळं ठाऊक होतं. घरचं मशीन म्हटल्यावर मात्र त्याचाही हात बटणाकडेच गेला, याची तिला गंमत वाटायची.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ताईला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहाचा कप तिच्या उजव्या हातातून सुटला आणि ती माझ्याकडे पाहून काहीतरी सांगू लागली, पण ओठांतून निघाला तो नुसता आवाज. पुढचे दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. पाय हळूहळू जमिनीवर टेकला, हात थोडा हलू लागला, बोलणं मात्र आलं नाही. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक तरुण मुलगी येत असे. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला विचारलं, "ये सबसे ज़्यादा कौन-सी भाषा बोलती हैं?" मिलिंद आणि मी एकदम म्हणालो, "मराठी." क्षणाचाही विचार न करता. ती म्हणाली, मला मराठी येत नाही, पण मी पद्धत दाखवते, सराव तुम्ही घरी त्यांच्या भाषेत करा. दुसरी भाषा सध्या मधे आणू नका, त्यांचा गोंधळ होईल. आम्हाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आमच्या दृष्टीने ताई म्हणजे मराठी...

मग आम्ही जीव ओतून ते केलं. मिलिंदने रजा वाढवली, पुठ्ठ्याची कार्डं केली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. पंखा. पेला. छत्री. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसायचे आणि एकेक कार्ड धरायचे. "ताई, हे काय? पं... पं..." ती चित्राकडे पाहायची, माझ्या ओठांकडे पाहायची, तिचे ओठ थोडे हलायचे आणि मग ती तोंड भिंतीकडे फिरवायची. टीव्ही बंद ठेवला. रज्जोला बजावलं, "मैडम से हिंदी में मत बोलना, वो गड़बड़ा जाएँगी." बिचारी रज्जो दबक्या पावलांनी ताट ठेवून निघून जायची. रज्जोच्या आणि टीव्हीच्या आवाजाने जे घर एरवी भरलेलं असायचं त्यात सबंध दिवस फक्त मी मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होते, आणि त्याला उत्तर नव्हतं. ताईला समजतंय तरी की नाही, हेसुद्धा आम्हाला कळेनासं झालं.

मिलिंदने ठरवलं की आईला बंगळुरूला न्यायचं. तो वाईट मुलगा नाही, उलट त्याचा जीव तुटत होता. "मावशी, तू एकटी किती करशील? तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत. तूही चल. घर बंद करू." त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकत असेल तर एवढंच, की हे ज्या माणसाबद्दल चाललं होतं तिला कुणी विचारू शकत नव्हतं. मिलिंदने तिच्याजवळ बसून सगळं समजावून सांगितलं, मराठीत, अगदी प्रेमाने. ती त्याच्याकडे पाहत राहिली. माळ्यावरून सुटकेस काढली तेव्हा ती काठी टेकत आली आणि डाव्या हाताने तिचं उघडं झाकण खाली दाबलं. मिलिंद माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "थकली आहे ती." मलाही दुसरं काही सुचेना. आवराआवर सुरू झाली. कॉम्प्युटरचं काय करायचं, तर त्याने दोनदा चालू करून पाहिला, दोन्ही वेळा गोठला. "हा भंगारात," तो म्हणाला, आणि त्याच्या तारा काढून गुंडाळून ठेवल्या.

अशात एका दुपारी शबाना आली. ताईची जुनी विद्यार्थिनी. मी तिला ओळखत नव्हते. किला गेटजवळ तिची स्वतःची शिकवणी आहे, मैडमच्या आजारपणाचं तिला उशिरा कळलं होतं. मी तिला बाहेरच्या खोलीतच सांगायला हवं होतं की आत हिंदी बोलू नका, पण चहा ठेवायला मी वळले आणि तेवढ्यात ती सरळ आत गेली. मला तिचा आवाज ऐकू आला, खणखणीत, वर्गात उभी राहिल्यासारखा. "नमस्ते मैडम! पहचाना मुझे?"

आणि मग ताईचा आवाज. फुटका, जड, पण शब्द.

"पिछली... पिछली बेंच."

मी तशीच दारात आले. शबाना हसत होती, तिला काय घडलंय याची कल्पनाच नव्हती. "हाँ मैडम, पिछली बेंच! और आप हमेशा मुझी से पूछती थीं."

ताई थांबली. डावा हात हवेत थोडा उचलला, फळ्याकडे बोट दाखवताना उचलायची तसा. "बातें," ती म्हणाली. "बातें... बहुत करती थी."

मिलिंद मागे येऊन उभा राहिला होता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. त्या एका क्षणात आमच्या लक्षात आलं की आम्ही दोघं इतके दिवस अडकलेल्या शटरवर धडका देत होतो... ताई आयुष्यभर दिवसाचे किती तास वर्गात उभी होती, घरी येऊन तिखटमीठ मागण्यापलीकडे आम्ही बहिणी किती बोलत होतो, हा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता. सबसे ज़्यादा कौन-सी भाषा, असं त्या मुलीने विचारलं होतं. आम्ही तिला आमच्या अभिमानाची भाषा सांगितली होती.

शबाना गेल्यावर मिलिंद आईच्या पुढ्यात जमिनीवर बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण लहानपणीसारखा चाचरत होता. आईशी हिंदीत बोलायचं त्याला जमेना. 'आई' म्हणून थांबला, पुन्हा सुरुवात केली. "आई... आप... आप मेरे साथ चलेंगी? बेंगलोर?"

"नहीं," ताई म्हणाली.

"क्यों?"

तिने बराच वेळ घेतला. शब्द शोधताना तिच्या कपाळावर आठी पडायची. पण ती शोधत होती, हे आम्हाला दिसत होतं. "घर... यहाँ है," ती म्हणाली. मग गुंडाळून ठेवलेल्या तारांकडे पाहिलं. "मशीन यहाँ है." आणि मग माझ्याकडे. "उषा को... कुछ नहीं आता."

मिलिंद हसायला लागला आणि हसता हसता त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मीही हसत होते. माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं थोडक्यात कुणीच बोललं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने सुटकेस माळ्यावर टाकली आणि कॉम्प्युटरच्या तारा पुन्हा जोडल्या.

त्यानंतरचे दिवस हे माझ्या आयुष्यातले सर्वांत विचित्र आणि, आज म्हणायला हरकत नाही, फार आनंदाचे दिवस होते. घराचा नियम उलटला. रज्जोला मी सांगितलं, "अब बोलो, जितना बोलना है." ती इतक्या दिवसांचं साठलेलं दोन दिवस बोलत होती. अवघड गेलं ते मला. मराठीत मी ताईला 'तू' म्हणत आले, जन्मापासून. हिंदीत मोठ्या बहिणीला 'तू' म्हणणं माझ्या जिभेवर येईना, म्हणून मी 'आप' म्हणू लागले, आणि ती मला वर्गातल्या मुलीसारखं 'तुम'. एकदम मी तिची विद्यार्थिनी झाले. शिवाय माझी हिंदी पुस्तकी. एकदा मी म्हटलं, "आप तनिक विश्राम कर लीजिए," तर ती बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "उषा, तुम... आकाशवाणी हो." रज्जो पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

माझी कॉम्प्युटरची शिकवणीही हिंदीत झाली. उजवा हात कीबोर्डवर चालत नव्हता, तेव्हा पान मी टाइप करायचं आणि ताईने शेजारी बसायचं. पहिल्याच दिवशी जुना अंक उघडला, त्यात सहलीचे फोटो होते, आणि पडदा गोठला. मी सवयीने टेबलाखाली वाकले. "रुको," ताई म्हणाली. मी थांबले. "बत्ती देखो." मी पाहिली. "जल रही है?" "जल रही है." "तो डर किसका?" मग एकेक कळ, एकेक शब्द. कुठली कळ ते तिला सांगता यायचं नाही, ती डाव्या हाताने दाखवायची. मी चुकले की ती ओरडायची नाही, फक्त म्हणायची, "फिर से." त्या काळ्या पडद्याची मला भीती वाटायची. तिथून परत येताच आलं नाही तर? ताईला मात्र तो काळा पडदा आवडायचा. मी एकदा विचारलं, का. तिने विचार करून सांगितलं, "यहाँ... शोर नहीं है." मला वाटतं ते ती मशीनबद्दल सांगत होती. पण तिच्या आजारपणातल्या त्या गप्प दिवसांबद्दलही असेल. विचारायचं राहून गेलं.

ते मशीन आठवड्यातून एकदा तरी कोसळायचं आणि मला ते हळूहळू आवडू लागलं, कारण तेव्हा ताई सर्वांत जास्त बोलायची. शिकवायला काहीतरी असलं की तिचे शब्द मोकळे व्हायचे. सरावाच्या त्या मुलीला मी सगळं कळवलं होतं. ती एकदा घरी आली, टेबलाशी बसलेल्या आम्हा दोघींना पाहत राहिली आणि म्हणाली, कार्डं राहू द्या, हेच चालू ठेवा.

मराठी परत आली, पण समोरच्या दाराने नाही आणि ठरवून तर नाहीच. एका सकाळी मी गॅसवर दूध ठेवून दाराशी कुणाशी तरी बोलत उभी होते. आतून ताईचा आवाज आला. "अगं, दूध!"

मी धावले नाही. मी तिथेच उभी राहिले. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर चरचरलं आणि घरभर करपल्याचा वास पसरला. ताई खुर्चीतून माझ्याकडे अशी पाहत होती की हिचं डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हटलं, "ताई, पुन्हा म्हण." ती म्हणाली, "क्या?" तिला कळलंच नव्हतं की आपण काय बोललो. मग असे तुकडे येत गेले. 'अगं'. 'नको'. 'आमटी'. बेचा पाढा तिने एकदा सलग म्हटला आणि स्वतःच चकित झाली. मिलिंदच्या नावाचं 'मिल्या' झालं, जसं तो शाळेत असताना होतं. पूर्ण वाक्यं शेवटपर्यंत हिंदीच राहिली, त्यात मराठीचे हे खडे. आमच्या शहरातल्या पोरासोरांसारखीच ती बोलू लागली, जी भाषा तिने मिलिंदच्या तोंडून उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नव्हती. मिलिंद फोनवर तिला चिडवायचा, "आई, पुन्हा सांग." ती हसायची. "चुप," म्हणायची, "तेरी माँ हूँ मी."

वाचनमंडळाचं पान पुन्हा निघू लागलं. ताई हिंदीत सांगायची, मी मराठीत उतरवायचे, आणि ती पडद्यावर वाचून एखाद्या शब्दावर बोट ठेवायची. वाचता सगळं येत होतं तिला, तेही उशिराच कळलं. बोट ठेवलं की समजायचं, हा शब्द ताईचा नाही, उषाचा आहे. दुसरा शोधायचा. मंडळातल्या बायकांना त्या पानांत कुठे जोड दिसला नाही. मला दिसतो. ती पानं मला आमच्या दोघींच्या आयुष्यातलं सर्वांत नेटकं काम वाटतं. शेवटचं पान तिच्या जाण्याच्या काही दिवस आधी गेलं होतं आणि पुढच्या महिन्याचं पुस्तकही तिने ठरवून ठेवलं होतं.

ती बंगळुरूला गेली नाही. तिच्या घरात, तिच्या खुर्चीत, भरपूर बोलून गेली. हे लिहिताना मला रडू येतं, पण ते मोडून पडलेल्या माणसाचं रडू नाही. माणूस अगदी जवळ असताना आपण त्याला हरवून बसलो होतो, आणि तो परत मिळाला, आणि मग पुरेसा राहिला... इतकं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या बायकांनी सांगितलं की या महिन्याचं पान ताईवर काढ. मी बसले. मिलिंदने फोटो पाठवले होते, त्याच्या नव्या फोनमधले, एकेक केवढा तरी जड. तिसरा फोटो लावला आणि खालची पट्टी नाहीशी झाली. बाण अडकला. लिहिलेला मजकूर समोर दिसत होता, पण त्याला हात लावता येत नव्हता. मग मी खाली पाहिलं, दिवा लुकलुकत होता, आणि मी तीन कळा दाबल्या.

काळ्या पडद्याने नाव विचारलं. ते दिसतं, ते मी टाइप केलं. मग तो परवलीचा शब्द विचारतो, आणि तिथे टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, रेघ जागची हलतसुद्धा नाही. आपली बोटं कुठे पोचतायत की नाही, काही कळत नाही. मी नेहमी इथेच अडखळते. या वेळीही मधेच चुकल्यासारखं वाटलं, सगळं पुसलं, आणि माझ्याच कानांवर माझा आवाज आला, "आराम से. वो सुन रही है. लिखती जाओ."

रज्जो स्वयंपाकघरातून डोकावली. "दीदी, किससे बात कर रही हो?"

"मशीन से."

"अच्छा," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला परत गेली.

मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. पडदा काळाच होता, काही दिसत नव्हतं. शब्द पूर्ण केला, एंटर दाबलं, आणि आतून उत्तर आलं.